मुंबईतील कापडगिरण्या

मुंबईतील कापडगिरण्या म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबई बेटावर, मुख्यतः ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी आणि दादर या भागांत, सूतकताई व विणकाम करणाऱ्या कंपन्या होत. या परिसरास गिरणगाव असे नाव पडले. भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी, वाफेवर चालणारी यंत्रे आणि मजुरीवर जगणारा मोठा कामगारवर्ग हे तीनही घटक पश्चिम भारतात एकत्र आले ते प्रथम या गिरण्यांत. त्यामुळे वस्तुनिर्माण करणारी कंपनी एखाद्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत काय घडवते आणि ती नाहीशी झाल्यावर काय उरते, हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण विशेष उपयोगी आहे.

== प्रारंभ ==

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ मध्ये स्थापन केली. 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' असे तिचे नाव असून भांडवल ५ लाख रुपये होते. ताडदेव येथील या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. ही भारतातील पहिली गिरणी असल्याचे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी याच्या काही दशके आधी वाफेवरची सूतगिरणी निघाली होती. मात्र तिच्यामागे युरोपीय भांडवल होते आणि तिच्यामुळे तेथे कापडउद्योगाची परंपरा निर्माण झाली नाही. मुंबईत ती झाली, हा खरा फरक होय.

मुंबईची निवड केवळ योगायोगाने झाली नाही. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस निर्यातीसाठी याच बंदरात येत असे. पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यू आणि कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांजवळ कापूस व अफूच्या चीनशी चाललेल्या व्यापारातून आलेला पैसा होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढील दशकात बोरघाट ओलांडून लोहमार्ग देशावर गेला. येथील दमट हवेत सूत कमी तुटते, हाही लाभ होता. कोळसा व यंत्रे मात्र समुद्रमार्गे आणावी लागत. यंत्रे बहुधा लँकेशायरमधील कारखान्यांची असत.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. हा पैसा गिरण्यांत गेला असे समजणे चुकीचे ठरेल. त्याचा मोठा भाग बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांच्या सट्ट्यात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा डोलारा कोसळला. कापसाच्या तेजीच्या वर्षांत गिरण्या काढणे उलट तोट्याचे होते, कारण कच्चा मालच महाग होता. गिरण्यांची खरी वाढ १८७० नंतर, कापूस स्वस्त झाल्यावर आणि सुएझ कालवा खुला झाल्यावर झाली. शतकाच्या अखेरीस बेटावर सुमारे ८० गिरण्या होत्या.

== कंपनीची रचना ==

गिरणी काढण्यासाठी लागणारे भांडवल एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असे. जमीन, इमारत, इंजिन, बॉयलर, हजारो चात्या व शेकडो माग यांवर पैसा आधी घालावा लागे आणि परतावा काही वर्षांनी मिळे. म्हणून मर्यादित जबाबदारीची संयुक्त भांडवली कंपनी हा प्रकार येथे लवकर रुजला. भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरते मर्यादित राहत असल्यामुळे दूरचा, व्यवसायाची माहिती नसलेला माणूसही पैसे घालू शकत होता. मुंबईच्या शेअर दलालांच्या संघटनेची १८७५ मध्ये झालेली स्थापना आणि त्याच वर्षी स्थापन झालेला मुंबई गिरणीमालक संघ ही या बदलाची दोन दृश्य चिन्हे होत.

कंपनीचा कारभार मात्र संचालक मंडळाहूनही अधिक व्यवस्थापन अभिकर्ता, म्हणजे मॅनेजिंग एजंट, या पेढीच्या हाती असे. प्रवर्तक व्यापारी स्वतःच्या पेढीशी दीर्घ मुदतीचा करार करून घेई आणि पेढीला दलाली मिळे. अनेक गिरण्यांत ही दलाली नफ्यावर न ठरता उत्पादनावर ठरत असे. काढलेल्या सुताच्या प्रत्येक पौंडामागे पाव आणा, हा दर दीर्घकाळ प्रचलित होता. याचा अर्थ असा की गिरणी तोट्यात असली तरी चालू राहण्यात एजंटाचे हित असे. कापूस खरेदी, यंत्रखरेदी आणि मालविक्री यांवरही कित्येकदा त्याच पेढीला दलाली मिळत असे. भागधारकांच्या दृष्टीने ही व्यवस्था सदोष होती. पण बँका दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यास तयार नसलेल्या काळात एजंटाच्या पतीवरच लोक गिरणीत ठेवी ठेवत, हेही खरे आहे. ही पद्धत भारतात १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

पेटिट, वाडिया, टाटा, ठाकरसी, ससून, मोरारजी गोकुळदास, खटाव ही नावे या काळात पुढे आली. जमशेटजी टाटा यांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता १८७७ मध्ये नागपूरला काढली. कापूस पिकतो तेथेच गिरणी असावी, हा त्यांचा विचार पुढे सोलापूर, अहमदाबाद व इतर शहरांनी खरा करून दाखवला. मुंबईची मक्तेदारी संपण्याची बीजे अशी फार आधीच पेरली गेली होती.

== कापसापासून कापडापर्यंत ==

सूतकताई आणि विणकाम ही दोन्ही कामे एका छताखाली करणाऱ्या गिरणीस संयुक्त गिरणी म्हणतात. कापसाची गासडी फोडून सरकीचे कण व कचरा काढणे, पिंजणे, पेळू ओढून सारखे करणे, पीळ देत बारीक करणे आणि शेवटी चातीवर सूत कातणे ही पहिली साखळी. त्यानंतर सूत बॉबिनवर गुंडाळणे, ताणा तयार करणे, त्याला खळ लावणे आणि मागावर विणणे ही दुसरी. मग धुलाई, रंगाई, छपाई आणि घडी. गिरणी कामगार या विभागांना खाती म्हणत आणि मागाला साचा. साचेखात्यातील आवाज इतका असे की कामगार हातवारे करून बोलत. अनेकांना उतारवयात कमी ऐकू येई. कापसाच्या तंतूंची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यामुळे होणारा फुप्फुसाचा विकार हा या धंद्याचा खास आजार आहे.

सुरुवातीस मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत काढत आणि ते चीनला पाठवत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानी सुताने ती बाजारपेठ हळूहळू व्यापली. त्यामुळे गिरण्या देशातील बाजाराकडे आणि विणकामाकडे वळल्या. येथे त्यांची गाठ लँकेशायरच्या कापडाशी होती. १८९६ मध्ये ब्रिटिश सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, आणि त्याचबरोबर भारतीय गिरणी कापडावरही तितकेच उत्पादन शुल्क बसवले. परदेशी मालाला मिळणारा अडथळा देशी मालालाही घालण्याचे हे धोरण राष्ट्रीय चळवळीत संतापाचे कारण ठरले. ते शुल्क रद्द होण्यास तीस वर्षे लागली. स्वदेशी चळवळीमुळे गिरण्यांचा खप वाढला. मात्र त्याच चळवळीत चढ्या भावाने कापड विकल्याबद्दल गिरणीमालकांवर टीकाही झाली.

== कामगार ==

गिरण्यांतील मजूर प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरील सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आले. पुढे उत्तर भारतातील विणकर आणि तेलंगणातील पद्मशाली यांचीही भर पडली. कोकणातील लहान, खडकाळ शेतीवर कुटुंबाचे भागत नसे. घरातील एक पुरुष मुंबईला जाई, बाकीचे गावी राहत आणि दर महिन्याची मनिऑर्डर सारा, कर्ज व लग्नकार्य भागवी. उलट आजारपण, म्हातारपण, बाळंतपण आणि संपाच्या काळातील उपासमार यांचा भार गाव सोसत असे. गिरणीची मजुरी कमी ठेवणे मालकांना परवडले, त्यामागे हा न दिसणारा हिशेब होता. गिरणगावाचा पगार आणि कोकणची शेती ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कामावर घेण्याचा अधिकार जॉबर किंवा मुकादमाकडे असे. तो बहुधा आपल्या गावचे, जातीचे लोक भरी, त्यांना खोली व उधारी मिळवून देई आणि बदल्यात पैसे घेई. कायम कामगारांखेरीज बदली कामगारांचा मोठा वर्ग होता. हे लोक रोज पाळीच्या वेळी दारावर उभे राहत. कोणी गैरहजर असल्यास त्या दिवसापुरते काम मिळे. कित्येकांचे असे बदलीवरच दहापंधरा वर्षे गेले.

खात्यांची विभागणी जातिभेदापासून मुक्त नव्हती. जुन्या पद्धतीच्या धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणास्तव अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई व त्यांना कताई खात्यातच राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र जात ओळखत नाही, हे विधान मुंबईच्या साचेखात्यात तरी खरे ठरले नाही. स्त्रिया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यात असत. रात्रपाळीस बंदी, प्रसूतीच्या सवलती आणि यंत्रांतील बदल यांनंतर मालकांनी स्त्रियांची भरती टाळली आणि त्यांचे प्रमाण सतत घटत गेले.

कामाचे तास प्रारंभी सूर्योदय ते सूर्यास्त असे होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त बालकामगारांपुरते निर्बंध घातले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना स्थापून साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विजेचे दिवे आल्यावर काही गिरण्यांनी काम पुन्हा रात्रीपर्यंत लांबवले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली.

१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ मधील सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, ही मोठी संघटना उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह तिच्या पुढाऱ्यांना पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात अटक झाली.

== अर्थव्यवस्थेवरील परिणाम ==

वस्तुनिर्माण कंपनीचा परिणाम तिच्या फाटकाच्या आत जितका असतो त्याहून बाहेर अधिक असतो. मुंबईच्या गिरण्यांना तांत्रिक माणसे हवी होती, त्यातून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (आजचे वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान) निघाले. कोळशाचा खर्च व धूर टाळण्यासाठी वीज हवी होती. टाटांचा खोपोली येथील जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये सुरू झाला तेव्हा गिरण्या त्याच्या प्रमुख ग्राहक होत्या. बंदर, रेल्वे, विमा, बँका, कापूस बाजार, मुळजी जेठा मार्केटमधील कापडाची घाऊक विक्री, रंग व रसायने या सर्वांना गिरण्यांमुळे काम मिळाले.

कामगारांच्या वस्तीने आणखी एक अर्थव्यवस्था उभी केली. दहा बाय दहाच्या खोलीत दहाबारा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि जेवण खानावळीत घेत. या खानावळी बहुतेक गिरणी कामगारांच्या बायका किंवा विधवा चालवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १८९६ च्या प्लेगने चाळींची अवस्था सरकारच्या नजरेस आणली. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या आजही बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता याच वस्त्यांत वाढली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येथील कामगार आघाडीवर होते.

एका बाबतीत मात्र हा उद्योग अपुरा राहिला. यंत्रे बाहेरून आणण्याची सवय मोडली नाही. वस्त्रोद्योगाच्या पोटी यंत्रनिर्मितीचा तितकाच मोठा उद्योग जन्माला यावा, तसे ब्रिटनमध्ये व पुढे जपानमध्ये झाले. मुंबईत ते फार उशिरा आणि थोडेच झाले.

== घसरण ==

दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या आणि भरपूर नफा झाला. त्यानंतरच्या काळात बहुतेक मालकांनी तो नवीन यंत्रांत घातला नाही. काहींनी तो रसायने, सिमेंट व इतर धंद्यांत वळवला. शासकीय धोरणही कारणीभूत होते. हातमागाच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये गिरण्यांतील मागांची संख्या गोठवण्यात आली, गरिबांसाठी ठरावीक भावाचे कापड काढण्याची सक्ती झाली आणि उत्पादन शुल्काचा भार गिरणी कापडावर अधिक राहिला. याचा फायदा हातमागापेक्षा यंत्रमागांनी घेतला. भिवंडी, इचलकरंजी व मालेगाव येथे लहान शेडमध्ये, कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर, बऱ्याचदा गिरण्यांनी भंगारात काढलेल्याच मागांवर कापड विणले जाऊ लागले. बंद पडणाऱ्या आजारी गिरण्या चालवण्यासाठी केंद्र सरकारने १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या. या कायद्यानुसार एका उद्योगात एकाच संघटनेस प्रतिनिधित्वाचा हक्क असे आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा मोठा भाग या संघटनेमागे राहिला नव्हता, तरी करार तिच्याशीच होणार होता. त्यामुळे वेतनाइतकाच हा प्रश्न आपल्या वतीने कोणी बोलावे याचा होता.

संप वर्षाहून अधिक काळ चालला आणि तो औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. मालकांजवळ साठा होता व त्यांना भिवंडीत कापड विणून घेता येत होते, म्हणून बाजारात टंचाई जाणवली नाही. कामगार गावी गेले, दागिने व भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही. गिरण्या संपामुळेच बुडाल्या, हे मत लोकप्रिय आहे. परंतु वर सांगितलेली कारणे पाहता संपाने आधीच चाललेल्या ऱ्हासाला वेग दिला व मालकांना बाहेर पडण्याची संधी दिली, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

== जमिनीचा प्रश्न ==

१९८० च्या दशकापर्यंत गिरणगाव शहराच्या मध्यभागी आले होते आणि गिरणीच्या जमिनीचे मोल तीतून निघणाऱ्या कापडाहून कितीतरी अधिक झाले होते. ५८ गिरण्यांच्या ताब्यात मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. तिचा काही भाग मुळात सरकारकडून सवलतीच्या भाडेपट्ट्याने, उद्योगासाठी म्हणून मिळालेला होता.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करण्यास परवानगी दिली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेली मालकास, अशी वाटणी होती. विक्रीतून आलेला पैसा गिरणीचे पुनरुज्जीवन व कामगारांची देणी यांसाठी वापरावा, अशी अपेक्षा होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. तो अमलात आला नाही. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीपुरती करण्यात आली. गिरणीच्या इमारतींखालील जमीन त्यातून वगळली गेल्यामुळे सार्वजनिक वाटा अतिशय लहान झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधी निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये महामंडळाच्या पाच गिरण्या लिलावात विकल्या गेल्या. दादरच्या कोहिनूर गिरणी क्र. ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना गेली.

आज लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आहेत, आणि दादर चौपाटीजवळील इंदू मिलची जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्यात आली आहे. काही चिमण्या जतन झाल्या आहेत. जागेवर नोकऱ्या पुन्हा निर्माण झाल्या, पण त्या गिरणी कामगाराच्या शिक्षणाला व वयाला साजेशा नव्हत्या. त्याच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना त्याच आवारात सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी किंवा सामान पोहोचवणारे म्हणून काम मिळाले.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाने पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये काढली. अर्जदार कामगार व त्यांचे वारस यांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे, तर उपलब्ध घरे त्यामानाने फार थोडी. घरांसाठी पात्र ठरण्याकरिता गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, हजेरीपत्रक अशी कागदपत्रे लागतात. अनेक कुटुंबांजवळ ती कोकणातील घराच्या माळ्यावर ट्रंकेत जपून ठेवलेली असतात. ज्यांची हरवली, त्यांना नोकरी केल्याचा पुरावा देणारी कंपनीच आता अस्तित्वात नाही.